रेल्वे कंपनी बदलतेय, माझ्या पासाचं काय?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहते आणि नोकरीसाठी रोज रेल्वेनं लंडनला जाते. सहा महिन्यांपूर्वी ४,००० पौंडांचा वार्षिक पास काढला. आमच्या मार्गावरची खासगी कंपनी काही आठवड्यांत जाणार आणि सरकारी कंपनी येणार, असं जाहीर झालंय. उशिरा पोचलेल्या गाड्यांच्या भरपाईचे माझे तीन अर्ज जुन्या कंपनीकडे पडून आहेत (दोनदा ४० मिनिटं उशीर, एकदा ७०). चौथा अर्ज नव्या कंपनीकडेच करावा म्हणून थांबवलाय. शिवाय एका रात्री पहिली गाडी रखडली, पुढची शेवटची गाडी चुकली आणि टॅक्सीला ६० पौंड मोजावे लागले. गाडीतले एक ओळखीचे म्हणतात, "नवीन लोक जुनी देणी घेत नाहीत. पास परत करून पैसे सोडवून घ्या." काय करू?

उत्तर: पास परत करू नका. बाकीचं सगळं सवडीनं बोलू, पण हे आधी.

तुमच्या ओळखीच्यांचा हेतू चांगला असेल, हिशेब कच्चा आहे. इथे वार्षिक पासाची किंमत आठवड्याच्या तिकिटाच्या ४० पट असते, म्हणजे तुमचं आठवड्याचं तिकीट १०० पौंडांचं. महिन्याचं तिकीट आठवड्याच्या ३.८४ पट, म्हणजे ३८४ पौंड. अर्ध्यात पास परत केला की निम्मे पैसे मिळतील असं वाटतं, पण वापरलेले सहा महिने तुमच्याकडून महिन्याच्या दरानं कापले जातात: २,३०४ पौंड. हातात येतात १,६९६, त्यातूनही थोडी फी जाते. आणि उरलेले सहा महिने ऑफिसला जायचं तर पुन्हा २,३०४ मोजा. ज्या नुकसानीची भीती दाखवली जातेय ती काल्पनिक आहे, हे ६०८ पौंडांचं मात्र खरं.

पास चालूच राहणार आहे. इथली तिकीटव्यवस्था एका कंपनीची नाही, सगळ्या देशाची सामाईक आहे. तुमचा प्रवासाचा करार 'नॅशनल रेल कंडिशन्स ऑफ ट्रॅव्हल' या नियमावलीखाली होतो आणि गाडी चालवणारी कंपनी बदलली म्हणून आधीच विकलेली तिकिटं रद्द होत नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेसेवा सार्वजनिक मालकीत आणण्याचा कायदा झाला. त्यानंतर साउथ वेस्टर्न रेल्वे २५ मे २०२५ ला, सीटूसी २० जुलैला आणि ग्रेटर अँग्लिया १२ ऑक्टोबरला सरकारी कंपनीकडे गेली. त्याआधीही ईस्ट कोस्ट मार्गाची सेवा (आताची एलएनईआर) २०१८ मध्ये आणि नॉर्दर्न २०२० मध्ये अशाच गेल्या होत्या. पास काढलेले लोक दुसऱ्या दिवशी तोच पास दाखवून गाडीत बसले. साउथ वेस्टर्नच्या नव्या राजवटीतल्या पहिल्याच प्रवासात थोडं अंतर रुळांच्या कामामुळे बदली बसनं कापावं लागलं. मालक बदलले तरी रूळ तेच. आमचे आजोबा जीआयपी रेल्वे १९२५ साली सरकारकडे गेल्यानंतरही मरेपर्यंत तिला जीआयपीच म्हणत. प्रवाशाच्या लेखी मालकाची किंमत साधारण तेवढीच असते.

आता जुन्या देण्यांचं. इथे तुमच्या ओळखीच्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. नवी कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती. जुनीची मालमत्ता, करार आणि देणी तिच्याकडे आपोआप येत नाहीत. त्यासाठी सरकार २००५ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १२ खाली हस्तांतरण योजना काढू शकतं आणि कुठलं देणं कुणाकडे, हे त्या योजनेत ठरतं. तुमच्या मार्गाची योजना मी पाहिलेली नाही, म्हणून 'नवीच कंपनी देईल' असं छातीठोक सांगणार नाही. पण दोघीही हात वर करतील आणि तुम्ही मधल्या मध्ये लटकाल, अशी स्थिती कायद्यात नाही. देणं हस्तांतरित झालं असेल तर नवी कंपनी देणार, नसेल तर जुनीच देणार. कंत्राट संपलं म्हणून जुनी कंपनी त्या रात्री मरत नाही. तिची नोंदणी रद्द होईपर्यंत ती कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंदणी ठेवणारं सरकारी कार्यालय) यादीत असते, तिच्या नोंदणीकृत पत्त्यावर पत्र जातं आणि तिच्यावर दावाही लागतो. कराराच्या दाव्याची मुदत इंग्लंड-वेल्समध्ये सहा वर्षं आहे.

म्हणून एकच पत्र लिहा आणि ते दोघींना पाठवा. तिन्ही अर्जांचे क्रमांक, तारखा आणि गाड्यांच्या वेळा द्या. खाली एक ओळ: 'या अर्जांची जबाबदारी हस्तांतरणानंतर कोणाकडे राहील, ते लेखी कळवावं.' या ओळीचं लेखी उत्तर पुढे तुमच्या फार कामी येईल.

रक्कमही पाहून घ्या, म्हणजे किती जीव काढायचा ते ठरेल. बहुतेक कंपन्या वार्षिक पासाचा ४६४ वा भाग ही एका बाजूच्या प्रवासाची किंमत धरतात. तुमच्या बाबतीत ८ पौंड ६२ पेन्स. ३० ते ५९ मिनिटं उशिराला त्याच्या निम्मे, तासाच्या वर पूर्ण. म्हणजे तुमच्या तीन अर्जांचे मिळून १७ पौंड २४ पेन्स. कोर्टात दावा लावायची किमान फीच ३५ पौंड आहे. कोर्टाचा विचार सोडा. कंपनीचं अंतिम उत्तर पटलं नाही किंवा उत्तरच आलं नाही, तर रेल ओम्बड्समनकडे, म्हणजे रेल्वे प्रवाशांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. (हे लिहिताना माझंच नुकसान होतंय, याची कल्पना आहे.)

टॅक्सीचे ६० पौंड हा वेगळा मुद्दा आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक. उशिराच्या भरपाईच्या अर्जात टॅक्सी बसत नाही. तो फॉर्म फक्त तिकिटाच्या पैशांपुरता. पण प्रवास अर्ध्यात अडकला तर जमेल तिथे तुम्हाला मुक्कामाला पोचवायचं किंवा रात्रीची सोय करायची, हे नियमावलीतच कंपनीवर टाकलंय. शिवाय २०१५ चा ग्राहक हक्क कायदा १ ऑक्टोबर २०१६ पासून रेल्वेलाही लागू आहे आणि त्यात सेवा 'वाजवी काळजी व कौशल्यानं' द्यावी लागते. त्या रात्री तुम्ही फलाटावरच्या माणसाला विचारलंत का, मदतीचं बटण दाबलंत का, की थेट टॅक्सी बोलावलीत? हे पत्रात नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. विचारलं आणि कुणी भेटलं नाही, किंवा 'तुमचं तुम्ही बघा' असं उत्तर मिळालं, तर तुमची बाजू बळकट. काहीच न विचारता टॅक्सी केली असेल तर कंपनी म्हणेल, आम्ही सोय केली असती. तरीही पावती जोडून लेखी तक्रार करा, भरपाईच्या फॉर्मवर नाही, स्वतंत्र. पूर्ण नाही तरी काही रक्कम सद्भावना म्हणून देणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत.

हस्तांतरणाच्या आधी एक संध्याकाळ अ‍ॅपसाठी काढा. पासाच्या खरेदीची पावती आणि अर्जांच्या पोच ईमेलवर किंवा कागदावर काढून ठेवा. कंपनीची वेबसाइट आणि अ‍ॅप बदलू शकतं आणि जुन्या खात्यातल्या नोंदी नव्यात जशाच्या तशा दिसतील यावर विसंबू नका. पास स्मार्ट कार्डावर असेल तर कार्डाचा क्रमांकही लिहून ठेवा.

राहता राहिला तो थांबवून ठेवलेला चौथा अर्ज. भरपाई मागायला प्रवासाच्या तारखेपासून २८ दिवस असतात, नव्या कंपनीच्या आगमनापासून नाही. त्या प्रवासाची तारीख तुम्ही कळवलेली नाही. हे वाचून झालं की आजच जुन्या कंपनीकडे अर्ज भरा.