निर्वाण, संबोधी आणि मराठीतले ‘निवणे’

प्रश्न असा आहे : एका लेखात ‘बोधिवृक्षाखाली बुद्धांना निर्वाण प्राप्त झाले’ असे वाक्य आहे आणि दुसऱ्यात ‘वयाच्या ८०व्या वर्षी बुद्धांचे निर्वाण झाले’ असे आहे, यांतील चूक कोणते, आणि ‘ज्ञानप्राप्ती’ व ‘निर्वाण’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का?

दोन्ही वाक्ये आपापल्या अर्थाने बरोबर आहेत. गोंधळ होतो तो मराठीत ‘निर्वाण’ हा शब्द मृत्यूचा आदरार्थी पर्याय म्हणून रूढ झाल्यामुळे. बौद्ध परंपरेतील त्याचा मूळ अर्थ मृत्यूशी बांधलेला नाही, आणि याला खुद्द पाली साहित्यात फार चांगला पुरावा आहे. संबोधीनंतर, म्हणजे बोधिवृक्षाखालच्या ज्ञानप्राप्तीनंतर, बुद्ध गयेकडून वाराणसीकडे निघाले असता वाटेत त्यांना उपक नावाचा आजीवक (त्या काळच्या एका श्रमण पंथाचा संन्यासी) भेटला आणि ‘तुमचे गुरू कोण?’ असे त्याने विचारले. बुद्धांच्या उत्तरातील एक ओळ अशी आहे : ‘एकोम्हि सम्मासम्बुद्धो, सीतिभूतोस्मि निब्बुतो’, म्हणजे मी एकटाच सम्यक संबुद्ध आहे, मी शीतल झालो आहे, निर्वाण पावलो आहे. परंपरेनुसार तेव्हा त्यांचे वय ३५ होते. कुशीनगरची घटना, म्हणजे त्यांचा देहान्त, अजून ४५ वर्षे दूर होती. एकाच ओळीत ‘संबुद्ध’ही आहे आणि ‘निब्बुत’ही आहे, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या बाबतीत, जिवंतपणी घडलेल्या आहेत, हे उघड आहे. पण शब्द दोन का लागले, हे पाहण्यासारखे आहे.

‘बोधी’, ‘संबोधी’, ‘बुद्ध’ हे सारे ‘बुध्’ या धातूपासून आले आहेत. या धातूचा अर्थ जागे होणे आणि जाणणे असा दुहेरी आहे. म्हणून ‘बुद्ध’ म्हणजे जागा झालेला, ज्याला उमगले आहे असा. इंग्रजीत यासाठी रूढ झालेल्या ‘एन्लायटन्मेंट’ या शब्दात प्रकाशाची कल्पना आहे, जागृतीची नाही. ती अगदीच परकी आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण पहिल्या प्रवचनात बुद्ध आपला अनुभव सांगताना चक्षू, ज्ञान, प्रज्ञा, विद्या आणि शेवटी आलोक उत्पन्न झाला असे म्हणतात. तरीही परंपरेने नाव ठेवताना जागे होण्याचा धातू निवडला, आणि मराठीत तो धातू ‘बोध’, ‘बुद्धी’, ‘प्रबोधन’ अशा शब्दांतून ओळखीचा असताना इंग्रजीच्या वळणाने जाण्याचे कारण मला दिसत नाही. ‘ज्ञानप्राप्ती’ चुकीचा नाही, पण तो फिका आहे; ज्ञान एखाद्या वस्तूसारखे हाती आले असा त्याचा सूर लागतो. ‘ज्ञानोदय’ आणि ‘प्रबोधन’ हे शब्द युरोपच्या इतिहासातील कालखंडांसाठीही वापरले जातात, त्यामुळे येथे ‘संबोधी’ हाच सर्वांत नेमका शब्द आहे.

आता ‘निर्वाण’. ‘निर्’ हा उपसर्ग आणि वाऱ्याच्या वाहण्याचा ‘वा’ हा धातू यांपासून तो बनला आहे. पाणिनीचे ‘निर्वाणोऽवाते’ (८.२.५०) हे सूत्र सांगते की कर्ता वारा नसेल तर या धातूचे भूतकृदन्त ‘निर्वाण’ असे होते, वारा पडला असे म्हणायचे असेल तर ‘निर्वात’ म्हणावे लागते. पाणिनीच्या सूत्रांवरील काशिकावृत्ती या टीकेने या सूत्राखाली तीन उदाहरणे दिली आहेत : निर्वाणोऽग्निः, निर्वाणः प्रदीपः, निर्वाणो भिक्षुः. विझलेला अग्नी, विझलेला दिवा आणि त्यांच्याच रांगेत भिक्षू! अधूनमधून ‘निर्वाण म्हणजे निर् अधिक बाण’ अशी फोड ऐकू येते, तिला व्याकरणाचा आधार नाही. पाली टीकाकारांनी ‘वान’ म्हणजे तृष्णा आणि तिच्यातून बाहेर पडणे म्हणजे ‘निब्बान’, अशी फोड केली आहे. ती व्युत्पत्ती म्हणून नव्हे, तर विवरण म्हणून वाचावी.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ‘निर्वाण’ म्हणजे फुंकर मारून दिवा मालवणे नव्हे. मूळ क्रियापद अकर्मक आहे, विझणारी वस्तू आपली आपण विझते. ती का विझते, याचे उत्तर ‘उपादान’ या शब्दात आहे. पालीत उपादान म्हणजे इंधन आणि उपादान म्हणजेच घट्ट धरून ठेवणे, आसक्ती. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने मुक्त पुरुष मृत्यूनंतर कोठे जातो असे विचारले, तेव्हा बुद्धांनी त्यालाच उलट विचारले की समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली, की पश्चिमेला, की उत्तरेला, की दक्षिणेला? वच्छगोत्ताला म्हणावे लागले की हा प्रश्नच लागू पडत नाही. गवत आणि लाकूड यांच्या आधाराने आग जळत होती, ते संपले आणि नवे मिळाले नाही, म्हणून ती विझली. विझते ते काय, हेही बुद्धांचे प्रमुख शिष्य सारिपुत्त यांनी स्पष्ट सांगितले आहे : ‘रागक्खयो दोसक्खयो मोहक्खयो’, म्हणजे राग, द्वेष आणि मोह यांचा क्षय. येथे राग म्हणजे संताप नव्हे, तर आसक्ती, हे मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे.

याच अर्थाची एक कथा जातकांच्या, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या, प्रस्तावनेत, म्हणजे निदानकथेत, येते. गृहत्यागापूर्वी सिद्धार्थ रथातून नगरात परतत असताना किसा गोतमी नावाच्या क्षत्रियकन्येने गच्चीतून त्याला पाहिले आणि म्हटले की ज्यांचा हा पुत्र ती माता ‘निब्बुता’, तो पिता ‘निब्बुतो’, आणि ज्या स्त्रीचा हा पती तीही ‘निब्बुता’. तिला अभिप्रेत होते समाधान, संस्कृतात ज्याला ‘निर्वृति’ म्हणतात ते. सिद्धार्थाच्या मनात मात्र प्रश्न आला की हृदय खरोखर निवते ते काय विझल्यावर? राग, द्वेष, मोह यांची आग विझल्यावर, हे उत्तर त्याला सुचले, आणि या बोलाची गुरुदक्षिणा म्हणून त्याने आपला मोत्यांचा हार तिला पाठवला. पालीत समाधानाचा ‘निर्वृत’ आणि विझण्याचा ‘निर्वा’ हे दोन्ही एकाच ‘निब्बुत’ रूपात मिसळले आहेत, आणि सारी कथा या मिसळण्यावरच उभी आहे.

वरच्या परिच्छेदात मी ‘निवते’ हे क्रियापद मुद्दाम वापरले. मराठीतले ‘निवणे’ हे याच ‘निर्वा’ धातूचे, प्राकृतातून आपल्यापर्यंत आलेले रूप आहे. तापलेली जमीन रात्री निवते, लेकराला पाहून डोळे निवतात, तळमळणारा जीव निवतो. ‘सीतिभूतोस्मि निब्बुतो’ या शब्दांचा भाव मराठीत ‘मी निवलो’ इतक्या दोन शब्दांत येतो, आणि ‘निर्वाण म्हणजे शून्य होणे, नाहीसे होणे’ या समजुतीला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

मग कुशीनगरचे काय? परंपरेने निर्वाणाचे दोन प्रकार मानले आहेत. क्लेश, म्हणजे राग-द्वेष-मोहासारखे मनाचे विकार, विझले पण देह आणि इंद्रिये अजून चालू आहेत, ते सोपधिशेष निर्वाण. देहाचाही शेवट झाला की ते निरुपधिशेष निर्वाण, आणि रूढ भाषेत परिनिर्वाण. बुद्धांच्या बाबतीत आदराने महापरिनिर्वाण म्हटले जाते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले, तो दिवसही आपण महापरिनिर्वाण दिन म्हणूनच पाळतो. जैन परंपरेत मात्र ‘निर्वाण’ हा शब्द देहान्ताच्या वेळच्या मोक्षासाठी येतो, उदाहरणार्थ पावापुरी येथील महावीरांचे निर्वाण. मराठीतील ‘निर्वाणीचा इशारा’ या प्रयोगातही शब्दाची ‘शेवटचा’ हीच छटा उरली आहे. त्यामुळे केवळ ‘निर्वाण झाले’ असे लिहिले की वाचक मृत्यू समजतो, यात त्याचा दोष नाही.

म्हणून लिहिताना बोधगयेसाठी ‘संबोधी’, कुशीनगरसाठी ‘महापरिनिर्वाण’, आणि राग-द्वेष-मोह विझलेल्या अवस्थेसाठी ‘निर्वाण’ अशी विभागणी ठेवावी. क्रियापदाबद्दल विचाराल तर ‘निर्वाण मिळवणे’ मला खटकते. सतिपट्ठान सुत्त या पाली प्रवचनात ‘निब्बानस्स सच्छिकिरियाय’ असा प्रयोग आहे, म्हणजे निर्वाणाचा साक्षात्कार करून घेण्यासाठी, आणि मराठीत ‘निर्वाण पावणे’ किंवा ‘निर्वाणाचा साक्षात्कार होणे’ हे त्याच्या अधिक जवळ जाते.