‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे क्षयरोग होतो का?

क्षयरोग जिवाणूमुळे होतो, कमतरतेमुळे नव्हे. मात्र या दोहोंचा संबंध खरा आहे. फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंना गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात आणि त्याच्या प्रभावाने कॅथेलिसिडिन नावाचे जिवाणूनाशक प्रथिन निर्माण होते, हे 2006 मध्ये दाखवले गेले. क्षयरुग्णांच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा बहुधा कमी आढळते. परंतु आजारपणात घटलेला आहार, घरातच राहणे आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे वाढणारे या जीवनसत्त्वाचे विघटन हीदेखील त्याची कारणे असू शकतात, म्हणून परिणाम कोणता आणि कारण कोणते हे केवळ रक्ततपासणीवरून ठरवता येत नाही.

मंगोलियात 8,851 शाळकरी मुलांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन वर्षे दर आठवड्याला ‘ड’ जीवनसत्त्वाचे 14,000 युनिट देऊनही क्षयसंसर्ग कमी झाला नाही. बहुतेक मुलांमध्ये मुळात कमतरता असूनही असे घडले, म्हणून माझ्या मते हा निष्कर्ष वजनदार आहे.

कमतरता असल्यास ती हाडांसाठी अवश्य भरून काढावी, पण क्षयरोगावरील औषधांना तो पर्याय नाही. शिवाय क्षयरोगात क्वचित रक्तातील कॅल्शियम वाढते, त्यामुळे या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.