६ हजारांत बाल्कनीचं खेळघर

बालवाडीच्या ताईंना विचारा

प्रश्न : आम्ही भांडुपला वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगी ५ वर्षांची, मुलगा सव्वादोन वर्षांचा. हॉलला लागून एक बंद केलेली बाल्कनी आहे, साडेतीन फूट रुंद आणि नऊ फूट लांब, पश्चिमेची. सध्या तिथे सासूबाईंचं शिलाई मशीन, रिकामे खोके आणि बंद पडलेला कूलर आहे. जाऊबाईंनी त्यांच्या मुलांची खोली इंटिरिअरवाल्याकडून करून घेतली, तेव्हापासून आमची लेक "माझी खोली कुठे?" म्हणून मागे लागलीय. माझ्या हातात ६ हजार रुपये आहेत. ऑनलाइन एक कार्टूनच्या चित्रांचा लाकडी रॅक आणि भिंतीला लावायचे स्टिकर पाहून ठेवलेत. मागवू का? – एक आई, भांडुप

उत्तर : रॅक मागवू नका. स्टिकरही नकोत. ६ हजारांत ही बाल्कनी छान होते, फक्त पैसे कुठे आधी घालायचे ते ठरवायला हवं, आणि माझ्या मते पहिला खर्च खिडकीचा.

ग्रिल असेलच. त्याच्या पट्ट्या आडव्या असतील तर सव्वादोन वर्षांच्या मुलासाठी ती शिडी आहे. दोन पट्ट्यांमधलं अंतर चार इंचांपेक्षा जास्त असेल तर डोकं अडकण्याचा धोका वेगळा. ग्रिलच्या आतल्या बाजूने लोखंडी किंवा स्टीलची जाळी फ्रेममध्ये घट्ट बसवून घ्या. ग्रिलचं काम करणारे हे करून देतात. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मुलाचा भार धरायला केलेली नसते, तिच्या भरवशावर राहू नका. हातातले निम्मे पैसे यासाठी बाजूला ठेवा. कमी लागले तर उत्तम. आपल्याकडे बाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये मुलांना बसवून पाऊस दाखवायची हौस असते. तीही सोडा. ते गंजतं, आणि कुठे गंजलंय ते वरून दिसत नाही.

मग शिलाई मशीन. सासूबाईंशी नीट बोलून ते आत घ्या. सुई आणि कात्री तर आहेच, पण लहान मुलांची बोटं पायट्यात आणि चाकाच्या पट्ट्यात जातात. शिवाय खिडकीखाली मशीन असलं की त्यावरून खिडकी गाठता येते. खिडकीखालची जागा मोकळी, हा नियम कायमचा. कूलर आणि खोके भंगारवाल्याला द्या, मात्र दोन मोठे खोके ठेवून घ्या, सांगते कशाला ते.

बाल्कनी रिकामी झाली की झाडून पुसून जमिनीवर बसा आणि तिथून बघा. मोठी माणसं मुलांची खोली उभं राहून सजवतात. म्हणून चित्रं सगळी पाच फुटांवर, घड्याळ त्याहून वर, आणि मुलांच्या डोळ्यांसमोर काय, तर स्विचबोर्ड आणि स्कर्टिंग. तुमच्या मुलाची उंची जेमतेम अडीच-तीन फूट असेल. त्याच्या उंचीखाली जे आहे तीच त्याची खोली. बाकी सगळी तुमची. मी इतकी वर्षं बालवाडीत शिकवलं त्यातून एवढं नक्की सांगू शकते, की मुलाला स्वतः काढता येतं आणि स्वतः जागेवर ठेवता येतं तेच त्याला आपलं वाटतं. कार्टूनच्या रॅकने ते होत नाही.

त्या रॅकबद्दल आणखी एक. स्वस्तातले असे बरेच रॅक पार्टिकल बोर्डाचे असतात, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेले. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. बाल्कनीत झड आली, कडेची पट्टी सुटली, की तो बोर्ड पाणी पितो, फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही.

त्याऐवजी हापूसच्या पेट्या घ्या. मोसम संपला की फळवाल्यांकडे रिकाम्या लाकडी पेट्या पडून असतात. एकसारख्या मापाच्या चार निवडा. घरी आणल्यावर पेटी उलटी करून उजेडात धरा. पट्ट्या पातळ असतात, खिळे घाईने ठोकलेले असतात आणि त्यांची टोकं आतल्या बाजूला निघालेली असतात. ती पक्कडीने ओढून काढा, नाही निघालं तर हातोडीने वळवून लाकडात बसवा. मग पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, आडवं घासलं तर कुसळं उलट उभी राहतात. हे काम गच्चीत किंवा जिन्याच्या मोकळ्या जागेत करा, मुलं आसपास नसताना, नाकाला रुमाल बांधून. घासून झालं की जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा हातावर गुंडाळून प्रत्येक पट्टीवरून, कडांवरून, कोपऱ्यांतून फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे कुसळ आहे. ओढणी कुठेही न अडकता फिरली की पेटी मुलाच्या हाताला द्यायला हरकत नाही.

दोन पेट्या खाली, दोन वर, तोंड पुढे. एकमेकींना नट-बोल्टने जोडा आणि वरच्या दोन्ही भिंतीला एल पट्टीने पक्क्या करा. यात चालढकल नको. मूल खालच्या फळीवर पाय ठेवून वर चढणारच, आणि सुटं कपाट अंगावर येतं. ड्रिलसाठी सोसायटीतल्या सुताराला तासभर बोलवा. पेट्या हॉलकडच्या भिंतीला लावा, बाहेरच्या भिंतीला ओल येते.

रंग दिला नाही तरी चालेल. द्यायचाच असेल तर नवा डबा घ्या. घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांहून जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि डब्यावर तसा उल्लेख असतो. कुणाच्या माळ्यावरचा उरलेला जुना डबा वापरू नका. ओशिवऱ्याहून किंवा चोरबाजारातून जुनी रंगवलेली लहान खुर्ची स्वस्तात मिळाली, तर तिचा रंग घरात घासून काढू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासलं की त्याची धूळ मुलांच्या पोटात जाते. पोपडे निघालेली असेल तर घेऊच नका.

जमिनीवर सतरंजी. रंगीत फोमच्या तुकड्यांची चटई आपल्या हवेला मानवत नाही. खाली घाम आणि पाणी साचतं, पावसाळ्यात उचललं की काळी बुरशी. शिवाय लहानगा त्याच्या कडा चावून तुकडे काढतो. सतरंजी धुता-वाळवता येते, आणि खाली एक जुनी गोधडी घातली की पडलं तरी लागत नाही. पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर आत येईल, त्याला सुती साडी दुहेरी करून पडदा. पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या मात्र मुलांच्या हाताला लागता कामा नयेत.

आता सजावट, म्हणजे तुमच्या लेकीचा खरा प्रश्न. तिला कामाला लावा. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी कापून वीतभर रुंदीची लांब पट्टी करा आणि हॉलकडच्या भिंतीवर तिच्या छातीच्या उंचीला चिकटवा. कपाटाच्या जागी ती पेट्यांच्या वरून नेली तरी चालते. त्यावर आपल्या सेंट्रल लोकलची स्टेशनं लिहा. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर, विद्याविहार, कुर्ला, शीव, माटुंगा, दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि शेवटी सीएसएमटी. सोळा स्टेशनं नऊ फुटांत आरामात बसतात. प्रत्येक स्टेशनाखाली तिला जे माहीत आहे ते चित्र. भायखळ्याला राणीच्या बागेतलं पेंग्विन, दादरला फुलं, परळला माझी बालवाडी होती, तिथे माझी आठवण म्हणून ती काढली तर मला आनंद होईल. जपून ठेवलेले दोन खोके म्हणजे गाडीचे डबे. एक लेडीज, एक फर्स्ट क्लास, ते मुलं ठरवतील. लिहितावाचता येण्याआधी मुलं अशा पट्टीवरून स्टेशनांची नावं ओळखायला लागतात, हे मी वर्गात पाहिलंय, आणि विकतच्या कुठल्याही स्टिकरवर त्यांचं इतकं प्रेम बसलेलं पाहिलं नाही.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा कालवून मंद आचेवर घोटायचा. पूर्वी खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खोलीत अजिबात नको. पुस्तकांत डांबरगोळ्याही नकोत, लहान मूल गोळी समजून तोंडात घालतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.

खेळणी सगळी एकदम मांडू नका. सहा-सात बाहेर, बाकीची माळ्यावर, पंधरा दिवसांनी अदलाबदल. खालच्या दोन पेट्या मुलाच्या, वरच्या दोन मुलीच्या. मणी, चिंचोके, सागरगोटे, बटणं ही तिची दौलत मात्र त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण ती त्याच्या नाकातोंडात जाऊ शकते. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ सव्वा इंचाच्या भोकातून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू नको. बटणासारखे चपटे सेल तर मुलीच्याही हाती नकोत. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, त्यात तास-दोन तासही महत्त्वाचे असतात. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल ते खेळणं घरात आणू नका. नवीन घेताना आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर ती नसेल म्हणून बिचकू नका.

श्रीखंडाचे डबे, बुरडाच्या टोपल्या, झाकणं, जुनी पातेली, मोठे शिंपले यांनी पेट्या भरा. हे गरिबीतलं भागवणं मुळीच नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. त्या दोघींनी शिंपले, बिया, पानं, माती असं भोवतालचं साहित्य घेऊनच बालशिक्षण उभं केलं. आम्हा बालवाडीवाल्यांचं शिक्षण त्याच वाटेने झालं. प्रत्येक टोपलीवर आत काय आहे त्याचं चित्र लावा, म्हणजे सव्वादोन वर्षांचाही परत जागेवर ठेवतो.

प्रश्न : लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं. नातवाला खेळायला वेगळी जागा कुठून काढू? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, आमची बालवाडी परळला एका चाळीच्या मंडळाच्या खोलीत भरायची. सकाळी आमची, संध्याकाळी भजनी मंडळाची, गणपतीच्या आधी तर खोलीभर आराशीचं सामान. भिंतीवर आमचं काही टिकायचं नाही. तरी आमच्या मुलांना ती त्यांची खोली वाटायची, कारण सतरंजी पसरली की शाळा सुरू आणि गुंडाळली की सुटली, हे त्यांना ठाऊक होतं.

तेच करा. एक लहान सतरंजी फक्त नातवाची, तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. ती पसरलेली असेल तोवर तो कोपरा त्याचा. कॉटखाली मावेल असा उथळ लाकडी खोका करून घ्या, खाली चार चाकं, पुढे धरायला दोरीचा छोटा फास. आत तीन-चारच डबे. खोका त्याने स्वतः ओढायचा, स्वतः ढकलायचा. जुनी ट्रंक वापरत असाल तर तिचं झाकण काढूनच टाका, बोटांवर पडतं. कॉटच्या पायाशी भिंतीला एक प्लायचा तुकडा लावून त्याला फळ्याचा काळा रंग द्या, तुमच्या हाताखाली तो अक्षरं गिरवेल. सतरंजीची वेळ सगळ्यांनी मिळून ठरवा. टीव्ही त्या वेळेत बंद राहायला हवा, नाहीतर मूल सतरंजीवर बसून टीव्हीच बघतं.

प्रश्न : भाड्याचं घर, अकरा महिन्यांचा करार. मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. स्टिकर लावले तर चालतील? – एक बाबा, डोंबिवली

उत्तर : नको. काढताना रंगाचे पापुद्रे निघतात आणि ते तुमच्या डिपॉझिटमधून जातात. खिडकीच्या ग्रिलला दोन टोकं बांधून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आडवी दोरी ताणा, ती पूर्ण ताठ हवी, लोंबती नको, आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्याची चित्रं लावा. पावसाळ्यात चित्रं दमट होतात, दर आठवड्याला बदला. बदललेली त्याच्यासमोर फेकू नका, जुन्या फाइलमध्ये तारीख घालून ठेवा. घर बदलाल तेव्हा दोरी, चिमटे आणि फाइल सोबत न्या, आणि नव्या घरात सामान लावायला घ्याल तेव्हा ही दोरी आधी बांधा.