वाचकांचे प्रश्न : सामाईक सर्व्हर कोणाच्या दारात?

प्रश्न : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आम्ही तीन महाविद्यालये किनाऱ्याजवळच्या पाण्याचे तापमान, क्षारता आणि पाण्याखालच्या चित्रफिती यांचा मिळून अभ्यास करीत आहोत. अनुदानातून एक सामाईक सर्व्हर घेण्याचा विचार आहे. पण तो कोणत्या महाविद्यालयात ठेवावा आणि त्यावर कोणाचा किती हक्क असावा, यावर सहा महिने बैठका होऊनही निर्णय झालेला नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक प्राध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : यंत्र कोठे ठेवावे याआधी ते कोण सांभाळणार हे ठरायला हवे, असे मला मनापासून वाटते. सामाईक विहिरीचा अनुभव कोकणात घरोघरी आहे. सातबाऱ्यावर नावे सगळ्यांची असतात, पण गाळ उपसण्याचे काम कोणा एकावर नेमून दिलेले नसेल, तर दोन-तीन उन्हाळ्यांत विहीर निकामी होते. म्हणून प्रस्तावात सर्व्हरच्या किमतीइतक्याच आग्रहाने एका प्रणाली व्यवस्थापकाचे निदान तीन वर्षांचे वेतन मागावे. हे काम आधीच तासिकांनी दबलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात घालू नये.

हक्कांबाबत जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तेथील लार्ज हेड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्रातून निघणारी माहिती चाळीसहून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रे मिळून साठवतात आणि तपासतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक आहे. या केंद्रांची मालकी एका हाती नाही. प्रत्येक संस्था सामंजस्य कराराने बांधलेली असून पुढील वर्षी आपण किती साठवण आणि किती गणनक्षमता देऊ, हे ती आधीच लेखी कळवते. आपल्या तीन महाविद्यालयांनाही एवढाच एक कागद पुरेल : कोण काय देणार, कोण किती वापरणार आणि मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा.

प्रत्यक्ष वापराचे वाटप यंत्रावरच सोपवता येते. स्लर्मसारख्या, संगणकावरील कामांची रांग सांभाळणाऱ्या मुक्त प्रणालीत प्रत्येक संस्थेचा वाटा नोंदवून ठेवला, की ज्या गटाने अलीकडे अधिक वापर केला त्याची नवी कामे आपोआप मागे सरकतात आणि ज्याने कमी केला त्याची पुढे येतात; यंत्र रिकामे असेल तेव्हा कोणालाही अडवले जात नाही. प्रवेशासाठी प्रत्येकाला नवा पासवर्ड देण्याऐवजी ज्याची ओळख त्याच्याच संस्थेने पटवावी. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड ही प्रवेशव्यवस्था याच तत्त्वावर चालते. तिचा मोठा लाभ असा, की विद्यार्थी महाविद्यालयातून गेला आणि त्याचे तेथील खाते बंद झाले, की सामाईक यंत्रावरचा त्याचा प्रवेशही थांबतो.

आता गरज मोजून पाहू. तापमानाची नोंद दर दहा मिनिटांनी घेतली, तर एका संवेदकाच्या वर्षाला ५२,५६० नोंदी होतात, आणि त्या साध्या संगणकावरही सहज मावतात. खरा भार चित्रफितींचा आहे. एक टेराबाइट चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवरून, ती पूर्ण वेगाने अखंड चालली तरी, पाठवायला सुमारे २२ तास लागतात. आणि पावसाळ्यात आपल्याकडे जोडणी इतका वेळ अखंड मिळेल, असे धरून चालता येत नाही. त्यामुळे चित्रफिती सामाईक साठ्यात हार्ड डिस्कने आणून द्याव्यात, त्यांच्यावरचे काम तेथेच चालवावे आणि जाळ्यावरून केवळ निष्कर्ष मागवावेत. डिस्कवरील प्रत्येक फाइलची पडताळणी-संख्या (चेकसम, म्हणजे फाइलमधील माहितीवरून संगणकाने काढलेली संख्या) आधी काढून ठेवावी आणि प्रत उतरल्यावर पुन्हा जुळवून पाहावी. नाहीतर वाटेत बिघडलेली फाइल वर्षभराने, शोधनिबंध लिहिताना, लक्षात येते.

राखीव प्रतीविषयी मात्र तडजोड करू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, त्यानंतर दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून गेले. तिन्ही महाविद्यालये एकाच किनारपट्टीवर असल्यामुळे एकमेकांकडे ठेवलेल्या प्रती पुरेशा नाहीत. एक प्रत घाटावर, शक्य तर पुण्यातील एखाद्या सहकारी संस्थेच्या संगणक केंद्रात असावी, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत उभी करून पाहावी.

राहिला आपला मूळ प्रश्न. नेमलेला व्यवस्थापक ज्या महाविद्यालयात रोज कामावर येणार असेल, तेथेच सर्व्हर ठेवावा. खोली वरच्या मजल्यावरची, बंद आणि वातानुकूलित असावी, कारण खारी दमट हवा यंत्राचे धातूचे जोड हळूहळू खाते. खिडक्या उघड्या राहणाऱ्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तो ठेवू नये. यूपीएस आणि जनित्राचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरावा. उरलेल्या दोन महाविद्यालयांनी त्यात आपला वाटा घातला, तर यंत्र दुसऱ्याच्या दारात असल्याची त्यांची अडचणही बरीच कमी होईल.