चाळिशीनंतर वाचनाची सवय पुन्हा लागते का? वाचलेलं लक्षातच राहत नाही, मग वाचून उपयोग काय?

तुम्ही लिहिलंय की वय 42, एमआयडीसीत नोकरी. दरवर्षी आठ-दहा पुस्तकं विकत घेता, त्यातली बरीचशी पन्नासाव्या पानाच्या आसपास थांबतात आणि पूर्ण झालेलीही महिन्याभरात डोक्यातून जातात. मी सोलापूरचा, 63 वर्षांचा. शाळेत असल्यापासून वाचतोय. सवय नक्की लागते, पण त्याआधी एक काम करा.

डोळे तपासून घ्या. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं अक्षर नीट दिसायला जोर लागतो. जवळच्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते उगाच नाही. मी स्वतः 44 व्या वर्षी सहा-सात महिने पुस्तकाला हात लावला नव्हता. दोन पानं झाली की डोकं जड व्हायचं, मला वाटायचं मन लागत नाही. चष्मा लागला आणि आठवड्यात सगळं पूर्ववत झालं. वाचनातला रस गेला असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा रस जागेवरच असतो, नजर गेलेली असते.

आता लक्षात राहण्याचं. ते मी माझ्या आईकडून शिकलो, आणि तिला अक्षरओळख नव्हती.

आमचं घर पूर्व भागात. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, शाळेत मराठी. रात्री भिजवून गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं ती सकाळी पत्र्याच्या मापाने कातरायला बसायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मजुरी हजारावर, त्यामुळे हात थांबवायची सोय नव्हती. डोळे आणि हात अडकलेले, कान तेवढे मोकळे. मी शाळेतून आलो की दप्तर ठेवायच्या आत म्हणायची, वाच. मी मराठीत वाचायचो, अडलं की ती तेलुगूत विचारायची, आणि जरा थांबलो की एकच शब्द : ‘तर्वात?’ म्हणजे मग पुढं?

सहावीत असताना वाचनालयातून एक कादंबरी आणली होती. दोन भाऊ, एक विहीर, त्यावरून भांडण. रोज थोडी थोडी, पंधरा दिवस चालली. शेवटाला आलो तर पानंच नाहीत. जुनी प्रत, बऱ्याच हातांतून फिरलेली, बांधणीचा दोरा कुजलेला. शिवलेली पुस्तकं बहुधा 16 पानांच्या फर्म्यांची असतात. शिवण सुटली की एखादं पान जात नाही, अख्खा फर्माच निघून येतो. शेवटचा फर्मा गायब होता. आईचा हिरमोड नको म्हणून मी कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत मनानेच शेवट वाचून दाखवला. धाकटा परत येतो, थोरल्याच्या पाया पडतो, दोघं रडतात.

आईचा हात थांबला. म्हणाली, हे पुस्तकात नाही. आईचं सोनं गहाण टाकताना ज्याने मागं वळून पाहिलं नाही, तो असा पाया पडेल का?

सोन्याचा प्रसंग मी आठ दिवसांपूर्वी वाचला होता आणि साफ विसरलो होतो. वाचणारा मी, लक्षात तिच्या. कारण मी ओळी संपवत होतो, ती माणसं ओळखून घेत होती. मध्येच थांबवून विचारत होती, संध्याकाळी शेजारणीला सगळं पुन्हा सांगत होती. चार महिन्यांनी दुसरीकडे धड प्रत मिळाली. धाकटा परत येतच नाही. मी वाचलं, तिने नुसती मान हलवली आणि पुढचं पान कातरायला घेतलं.

तेव्हापासून वाचलेलं कुणाला तरी सांगायचं, हा माझा नेम आहे. टिपणवही मीही दोनदा सुरू केली, टिकली नाही. सांगणं टिकलं. सांगताना अडखळलो की कळतं, इथे आपण नुसती नजर फिरवली होती. मग परत ते पान उघडायचं. हिला सांगतो, नातीला सांगतो, पूर्वी कारखान्यात चहाच्या सुट्टीत जोडीदाराला सांगायचो. तुम्ही गेल्या वर्षी वाचलेलं एक तरी पुस्तक कुणाला सांगितलंत का? नसेल, तर स्मरणशक्तीला दोष देऊ नका.

दुसरं, वर्षभर पुस्तकं विकत घेणं थांबवा. हे पुस्तकांच्या प्रेमापोटीच सांगतोय. विकतचं पुस्तक कपाटात आहे, कुठं जातंय, असं वाटून राहून जातं. वाचनालयातलं परत करायचं असतं, तारीख पडलेली असते, मागे कुणीतरी त्याचीच वाट बघत असतं. आपल्या सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं वाचनालय आहे, पेठांतून लहान वाचनालयंही आहेत. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणून वर्गणी अजून परवडते. अनामत भरा, एका वेळी एकच पुस्तक आणा. नाही आवडलं तर पन्नासाव्या पानावर खुशाल परत करा, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही. पण परत करताना स्वतः कपाटापाशी जाऊन दुसरं शोधा. शेजारचं पुस्तक हाताला लागणं, ही गोष्ट मोबाईलवर मागवताना होत नाही.

सुरुवात जाड कादंबरीने करू नका. जुने दिवाळी अंक मागा. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला काढला, तेव्हापासून मराठी माणसाला कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं एकाच जिल्दीत मिळत आली आहेत. शिफ्टवरून आल्यावर एक कथा वीस-पंचवीस मिनिटांत होते. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर अंथरूण टाकलं की मी अजूनही आधी अंकच उघडतो.

पहिली कथा वाचून झाली की जेवताना घरात सांगा. घरी ऐकायला कुणी नसेल तर इथे उत्तराखाली लिहा, कोण होतं, काय झालं, सगळं पहिल्यापासून. मध्ये थांबलात तर मी विचारेन, तर्वात?