डिस्लेक्सिया असलेल्या सहावीतल्या मुलाला वाचलेलं कळत नाही, रोज धडा दहादा वाचून घेऊ का?

अजिबात नको. हाच सल्ला आमच्याकडे जाऊबाईंनी दिला होता, त्या स्वतः शिक्षिका, त्यामुळे घरात कोणाची उलट बोलायची टाप नाही.

माझी मुलगी भांडुपला मराठी मीडियममध्ये. 'विद्यार्थी' शब्द आला की संपलं. पहिली वेलांटी लिहायची व च्या आधी पण म्हणायची नंतर, मग द्या चं जोडाक्षर, वरून रफार बसलाय थ च्या डोक्यावर पण उच्चार त्याच्या आधी. एवढं सोडवेपर्यंत वाक्याची सुरुवात पोरगी विसरलेली असायची, मग कळणार काय कपाळ? तोच धडा मी मटार सोलता सोलता वाचून दाखवला तर सगळी उत्तरं धडाधड, वर मलाच उलट प्रश्न. यावर जाऊबाई म्हणे, "बघ, ऐकून येतं म्हणजे हुशार आहे, वाचायचा आळस करते." अहो, ऐकून येतं आणि वाचून येत नाही हीच तर डिस्लेक्सियाची खूण!

तर आधी तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. कळलं तर घोडं अक्षरं सोडवण्यात अडलंय, त्यासाठी रेमेडियलवाल्या, म्हणजे अशा मुलांना खास पद्धतीने शिकवणाऱ्या, बाईंकडून मात्रा, जोडाक्षरं क्रमाने पक्की करून घ्या आणि तोवर इतिहास-भूगोल सरळ ऐकवा. ऐकूनही कळत नसेल तर शब्दसंपत्तीवर काम हवं, ते वेगळं प्रकरण. उतारा घेताना आधी शीर्षक आणि चित्र बघून अंदाज करायला लावायचा, दोन-तीन वाक्यांनी थांबून त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं, कधी त्यानेच तुम्हाला प्रश्न विचारायचा. आम्ही प्रश्न आधी वाचून मग उतारा घ्यायचो, तर जाऊबाईंच्या मते ती कॉपी! आणि बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, रायटर (मूल सांगेल ते लिहून देणारा) हे सगळे त्यांच्या मते लाड. लाड कसले, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी स्पष्ट लिहिलीये, हे मी गणपतीत सगळ्यांसमोर ऐकवलं त्यांना. अजून नीट बोलत नाहीत, चालतंय.

बाकी मी काही एक्स्पर्ट नाही. डोळे-कान तपासले नसतील तर तपासून घ्या, लक्ष टिकत नसेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि मुलगा इंग्लिश मीडियमचा असेल तर रफार-वेलांटीचं सोडा, तिथे स्पेलिंगचा वेगळाच ताप, ते बाईंनाच विचारा.