28 लाखांच्या ऑफरमध्ये हातात किती येणार?

प्रश्न: ताई, मी 31 वर्षांचा, राहायला डोंबिवलीला. बीकेसीतल्या एका खाजगी बँकेत एमएसएमई क्रेडिटला, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कर्जांच्या विभागात आहे, 4 वर्षं 8 महिने झाले, सीटीसी 22 लाख. अंधेरीच्या एका डिजिटल लोनवाल्या स्टार्टअपने 28 लाखांची ऑफर दिलीय, त्यात 16 लाख फिक्स्ड आणि 12 लाखांचे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क. नोटीस 90 दिवसांची आहे पण ते म्हणतात बायआउट करून, म्हणजे नोटीसचे पैसे बँकेला भरून, लगेच या. घराचा ईएमआय 38 हजार, बायको नोकरी करते, वडलांना डायबेटिस आहे. आई म्हणते बँक सोडू नकोस. पण तीच प्रपोजलं, तीच टार्गेटं, खरंच जीव विटलाय. काय करू?

उत्तर: जीव विटलाय हे कारण अजिबात छोटं नाही, ते आधी सांगते. मीही 2016 ला, यूपीआय आलं त्याच वर्षी, बँकेची ट्रेझरी सोडून पवईच्या एका स्टार्टअपमध्ये गेले होते. काम इतकं आवडलं की रात्रीची शेवटची लोकल गाठायचे आणि तरी सकाळी उठून परत जावंसं वाटायचं. 14 महिन्यांत कंपनी बंद पडली आणि शेवटचे दोन पगार मिळता मिळता वर्ष गेलं. जाण्याचा पस्तावा मला आजही नाही, पण जाताना एकही कागद मागितला नव्हता त्याचा आहे.

तुम्ही रोज दुसऱ्यांचे बॅलन्सशीट वाचून कर्ज द्यायचं की नाही ते ठरवता ना, मग या कंपनीचंही तसंच अप्रेझल करा, कारण इथे तुमची पुढची चार वर्षं उधार जाणार आहेत. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर 100 रुपये भरले की कंपनीने फाइल केलेले हिशेब बघता येतात. ते मागच्या वर्षाचे असतात, म्हणून फाउंडरला सरळ विचारा की आज बँकेत किती पैसे आहेत आणि महिन्याला किती जळतात. भागाकार केला की किती महिने तग धरतील ते कळतं, 12 च्या आत आलं तर मी तरी जाणार नाही. दुसरं, त्यांच्याकडे स्वतःचं एनबीएफसी लायसन्स, म्हणजे बँक नसूनही कर्ज द्यायचा परवाना आहे की दुसऱ्याच्या पैशावर नुसतं ॲप चालवतात? ॲपवाले असतील तर पैसे देणाऱ्या बँकेला बुडीत कर्जाची हमी किती दिलीय ते बघा, आरबीआयने 2023 मध्ये त्याला पोर्टफोलिओच्या, म्हणजे त्या एकूण कर्जांच्या 5 टक्क्यांची मर्यादा घातलीय. हे प्रश्न तुमच्याइतके नीट कोण विचारणार?

आता ईसॉप. 12 लाख चार वर्षांत मिळणार असतील, बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तर वर्षाला 3 लाख, तेही कागदावर. पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलंत तर काहीच नाही. आणि ते शेअर घेताना बाजारभाव आणि तुमची किंमत यातला फरक पगारात धरून टॅक्स लागतो, शेअर विकता येत नसला तरी. टॅक्स पुढे ढकलायची सोय सगळ्या स्टार्टअपना नाही, सरकारी सर्टिफिकेट असलेल्या मोजक्यांनाच आहे. म्हणजे 28 विसरा, तुमची ऑफर 16 ची आहे, 22 वरून 16. बायकोबरोबर बसून 16 मध्ये ईएमआय भरून घर चालतं का बघा, चालत असेल तर ईसॉप वरचं समजा.

कोणीतरी तुम्हाला फाल्गुनी नायर यांचं उदाहरण देईलच, 2012 मध्ये कोटकमधलं मोठं पद सोडून त्यांनी नायका ही ऑनलाइन सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी काढली. पण त्या मालक म्हणून गेल्या, तुम्ही पगारावर चाललाय, ती तुलना मनातून काढा.

बायआउट मात्र करू नका. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, पाच वर्षं लागतात, 4 वर्षं 240 दिवस पुरतात असं मद्रास हायकोर्टाने म्हटलंय पण त्यावरून एचआरशी भांडत कशाला बसायचं. आज राजीनामा दिलात तर नोटीस संपेपर्यंत 4 वर्षं 11 महिने होतात, म्हणजे पाच आठवडे थांबून राजीनामा द्या आणि पूर्ण नोटीस करा. बेसिक 60 हजार धरलं तर 60 हजार भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15 (दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार), गुणिले 5 वर्षं, साधारण 1 लाख 73 हजार होतात, सोडायचे कशाला? पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा.

आणि वडलांची मेडिक्लेम. बँकेची ग्रुप पॉलिसी तुमच्या नोकरीबरोबर संपते आणि स्टार्टअपवाले आईवडलांना धरतीलच असं नाही. त्यांच्या नावाची वेगळी पॉलिसी आत्ताच काढा, डायबेटिस लपवू नका. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं वेटिंग असू शकतं, ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. आईच्या जिवाला जो घोर आहे ना, तो मला वाटतं बँकेपेक्षा या पॉलिसीचाच आहे, एकदा विचारून बघा त्यांना.

स्टार्टअपला आज मेल टाका की मी चार महिन्यांनी जॉइन होईन. ते काय म्हणतात आणि कॅशचा आकडा देतात का, मला नक्की कळवा.